व्यक्तिगत संकेतस्थळ

व्यक्तिगत संकेतस्थळ : एखाद्या व्यक्तीने आपल्या आवडीच्या विषयावर, धनलाभाची अपेक्षा न ठेवता, स्वतः रचून स्वखर्चाने चालविलेले आंतरजालावरील पृष्ठ वा पृष्ठांचा समूह. शासन, संस्था वा व्यापारी पेढी ह्यांच्या संकेतस्थळांपासून ते वेगळे मानण्याचे मुख्य कारण म्हणजे मजकूर, मांडणी व देखभाल ही तीनही कामे येथे बहुधा एकच माणूस करतो. साहजिकच त्याची हौस, सवड आणि आयुर्मान ह्यांवरच संकेतस्थळाचे टिकणे अवलंबून असते. मराठीत ह्या प्रकाराला आणखी एक बाजू आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या हौशी माणसापुढे पान रचण्याचे काम होते. मराठी माणसाला त्याआधी अक्षर पडद्यावर आणावे लागले. ह्या कारणाने मराठीतील व्यक्तिगत संकेतस्थळांचा पहिल्या दहाबारा वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी देवनागरी लिपीच्या संगणकीय रूपाचाच इतिहास आहे, आणि त्या काळातील पुष्कळसे लेखन आज वाचता येत नाही ह्याचे कारणही त्यातच सापडते.

पार्श्वभूमी : ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली ह्याने जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधन संस्थेत मार्च १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांच्या जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ मध्ये हे महाजाल संस्थेबाहेरील लोकांना खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्याचे तंत्र कोणासही विनामूल्य वापरता येईल, असे सर्नने जाहीर केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील केंद्रात तयार झालेल्या मोझेइक ह्या ब्राउझरमुळे मजकूर व चित्रे एकाच पानावर पाहता येऊ लागली. पान रचण्यासाठी योजलेली एचटीएमएल ही खुणांची भाषा मुळातच सोपी होती. साध्या मजकुराच्या फाइलीत शीर्षक, परिच्छेद व दुवा ह्यांच्या खुणा घातल्या की पान तयार होई. शिवाय दुसऱ्याचे पान कसे रचले आहे हे ब्राउझरमधूनच उघडून पाहता येई. बहुतेक हौशी मंडळी कोणत्याही वर्गात न जाता अशी पाहूनपाहूनच शिकली.

आरंभीची व्यक्तिगत पाने विद्यापीठांच्या संगणकांवर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या जागेत होती. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयाचा विद्यार्थी जस्टिन हॉल ह्याने जानेवारी १९९४ मध्ये सुरू केलेले पान त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. १९९४ मध्येच स्थापन झालेल्या व पुढे जिओसिटीज ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने विद्यापीठाबाहेरील माणसासही जाहिरातींच्या मोबदल्यात विनामूल्य जागा देऊ केली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. खाजगी सेवादात्यांना नोव्हेंबर १९९८ मध्ये वाट मोकळी झाली. मधल्या तीन वर्षांत ही सेवा मोजक्या शहरांपुरती व महागडी होती. त्यामुळे पहिली मराठी पाने पुण्यामुंबईपेक्षा अमेरिकेतील विद्यार्थी व अभियंते ह्यांच्या हातून घडली, ह्यात नवल नाही. अजय गल्लेवाले ह्यांनी अमेरिकेतून १९९६ च्या गणेशचतुर्थीस सुरू केलेले मायबोली हे संकेतस्थळ पुढे पुष्कळ विस्तारले. त्याचा उगम मात्र अशाच हौसेत आहे.

अक्षराचा प्रश्न : सर्वांत जुना मार्ग रोमन लिपीचा. अविनाश चोपडे ह्यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या आयट्रान्स पद्धतीत भारतीय भाषांचा मजकूर ठराविक रोमन अक्षरांत लिहून त्यापासून देवनागरी छापता येई. 'हुपरी' हे गावाचे नाव लिहिताना अखेरची वेलांटी दीर्घ आहे हे दाखविण्यासाठी मोठे रोमन 'आय' अक्षर घालता येई. स्तोत्रे व चित्रपटगीते ह्यांचे मोठे संग्रह हौशी मंडळींनी ह्या पद्धतीने तयार केले. डोळ्यांना हे लेखन रुक्ष वाटे. परंतु ते नियमबद्ध असल्याने त्याचे पुढे देवनागरीत बिनचूक रूपांतर करता आले. त्या काळातील मजकुरापैकी जो सुस्थितीत उरला आहे, त्यात ह्या कुरूप समजल्या गेलेल्या रोमन लेखनाचा वाटा मोठा आहे.

दुसरा मार्ग फॉन्टचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली होती. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक (स्थापना १९८८) ह्या संस्थेचे ह्या क्षेत्रातील कार्य मूलभूत स्वरूपाचे आहे. परंतु तत्कालीन ब्राउझरांना इस्कीची ओळख नव्हती. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरण्याची युक्ती रूढ झाली. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही. वाचणाऱ्यास फक्त देवनागरी दिसे. कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणता आकार बसवावयाचा हे प्रत्येक फॉन्टकार आपापल्या सोयीने ठरवी. काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, रफार हे सारे छापखान्यातील खिळ्यांप्रमाणे सुटे असत, आणि ऱ्हस्व वेलांटी टंकलेखनयंत्रावरील रीतीने व्यंजनाच्या आधी टाकावी लागे.

ह्या पद्धतीत काय घडे हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील काम घराघरांतून चालते : चांदी आटविणे, तार ओढणे, कड्या जोडणे, झाळणे, उजाळा देणे ह्या क्रिया वेगवेगळ्या हातांत विभागलेल्या असतात आणि कड्या जोडण्याचे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. तेथील एखाद्या जाणकाराने १९९८ च्या सुमारास ह्या कामाची माहिती मराठीत मांडावयाचे ठरविले असते, तर प्रथम त्यास संगणक व मोडेम मिळवावा लागला असता आणि सेवाकेंद्र ज्या शहरात असेल तेथपर्यंत दूरध्वनीने जोडणी घ्यावी लागली असती. पान विनामूल्य जागेवर चढविल्यावर त्याच्या शिरोभागी, हा मजकूर वाचण्यासाठी अमुक फॉन्ट उतरवून घ्यावा, अशी इंग्रजी सूचना देणे भाग होते. इंग्रजीच, कारण मराठी सूचना वाचण्यासाठी तोच फॉन्ट लागणार. वाचक सायबर कॅफेत बसला असेल, तर तेथील संगणकावर फॉन्ट बसविण्याची मुभा त्यास असेलच असे नाही. ज्याने तो बसविला नाही त्यास चिन्हांची व रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसे. शोधयंत्रासही तीच दिसे. त्यामुळे 'पैंजण' हा शब्द शोधणाऱ्यास हे पान कधीच सापडले नसते. १९९७ पासून काही ब्राउझरांत पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठविण्याची सोय झाली, तिने वाचकाची अडचण काहीशी दूर केली. साठविलेला मजकूर मात्र तसाच राहिला.

युनिकोड : जगातील सर्व लिप्यांना एकच संकेतप्रणाली असावी ह्या हेतूने सिद्ध झालेल्या युनिकोडच्या ऑक्टोबर १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा अंतर्भाव होता. घरगुती संगणकापर्यंत ती पोहोचण्यास जवळजवळ दशक लागले. विंडोज २००० मध्ये मंगल ह्या फॉन्टसह देवनागरीची सोय आली; त्यानंतरच्या एक्सपी आवृत्तीत ती असली, तरी बहुधा मूळ तबकडी घालून वेगळी बसवावी लागे. टंकनाची अडचण पुन्हा हौशी मंडळींनीच सोडविली. ब्राउझरमध्येच उच्चारानुसार मराठी लिहिण्याची गमभनसारखी साधने तयार झाली व ती एका संकेतस्थळाकडून दुसऱ्याकडे गेली. महेश वेलणकर ह्यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या मनोगत ह्या संकेतस्थळावर टंकनाच्या सोयीबरोबर शुद्धिचिकित्सकही होता. मराठी शुद्धलेखन तपासणारे साधन एका हौशी संकेतस्थळावर उपलब्ध व्हावे, ही त्या काळाची स्थिती बोलकी आहे.

युनिकोडने सर्व प्रश्न मिटले असे नाही. मराठीत 'दर्या' व 'दऱ्या' हे भिन्न शब्द आहेत. 'व्यापाऱ्यांना' हा शब्द रफाराने लिहिल्यास तो वाचणाऱ्यास खटकतो. ह्या अर्ध्या र-कारासाठी निराळा संकेतक्रम द्यावा लागतो व आरंभीच्या काही साधनांत तो नीट उमटत नसे. ल व श ह्यांची हिंदी वळणाची रूपेही मराठी वाचकास परकी वाटत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. पुढे मुंबईतील एक टाइप ह्या गटाच्या मुक्तासारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट उपलब्ध झाले. काही फॉन्टांत तर पानाच्या संकेतनात भाषा मराठी असल्याची खूण केली की ल व श आपोआप मराठी वळणाचे उमटतात. ही खूण घालण्यास एका ओळीपेक्षा अधिक श्रम पडत नाहीत; तरी मोठमोठ्या संस्थांच्या पानांवरही ती पुष्कळदा आढळत नाही.

विषय व स्वरूप : गड-किल्ले, पाककृती, स्तोत्रे, गाणी, गावाचा वा घराण्याचा इतिहास हे हौशी संकेतस्थळांचे आवडते विषय होत. अलका विभास ह्यांचे आठवणीतली गाणी हे संकेतस्थळ ह्या परंपरेचे उत्तम उदाहरण मानता येईल. त्यात प्रत्येक गीताबरोबर कवी, संगीतकार व गायक ह्यांची नोंद केलेली असते. ब्लॉगर (१९९९) व वर्डप्रेस (२००३) ह्या साधनांमुळे खुणांची भाषा न शिकताही लिहिता येऊ लागले व लिहिणाऱ्यांची संख्या वाढली. मात्र पान स्वतः रचण्याची कला मागे पडली. ऑर्कुट (२००४–१४), फेसबुक इत्यादींनी उरलेला वर्ग ओढून घेतला.

शासकीय प्रयत्नांशी तुलना केल्यास ह्या हौसेचे वेगळेपण ध्यानात येते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह ह्यांनी हाती घेतली. तिचा गाजावाजा देशभर झाला. ऊसाची नोंद, वजन, खते ह्यांविषयीची माहिती गावकऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे तिचे प्रत्यक्षातील मुख्य कार्य ठरले. पुढे संशोधकांनी काही गावांत हेच काम संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी करून पाहिले व ते भागले. गावाने आपल्याविषयी स्वतः काही लिहावे, ह्यास त्या रचनेत जागा नव्हती. हुपरीच्या कड्या जोडणाऱ्या स्त्रियांचे काम लिहून ठेवावयाचे, तर ते कोणातरी हौशी माणसानेच करावयाचे होते.

लोप व जतन : विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेला की त्याचे खाते बंद होई व पानही जाई. जिओसिटीज १९९९ मध्ये याहूने विकत घेतली व २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद केली. बंद होण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या एका गटाने तिच्यावरील पानांचा मोठा साठा उतरवून घेतला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेनेही जुन्या पानांच्या प्रती ठेवल्या आहेत. स्वतःचे नाव नोंदवून जागा भाड्याने घेणाऱ्याची पाने शुल्क भरले जाईतो टिकतात. मालकाच्या मृत्यूनंतर घरच्यांस संकेतशब्द ठाऊक नसल्यामुळे ती नाहीशी होण्याचा धोका असतो.

जतन झालेल्या पानांबाबतही मराठीची अडचण दुहेरी आहे. पान हाती लागले, तरी त्याबरोबर फॉन्ट जतन झालेला असेलच असे नाही. झाला नसेल, तर पुन्हा तीच निरर्थक माळ समोर येते. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके हौशी मंडळींनी तयार केली आहेत. परंतु मजकूर कोणत्या फॉन्टात होता हे आधी माहीत असावे लागते, आणि प्रत्येक फॉन्टासाठी आकारांचा स्वतंत्र तक्ता लागतो. तो नसल्यास शब्दांच्या लांबीवरून व वारंवार येणाऱ्या चिन्हांवरून काना कोणता, वेलांटी कोणती हे ताडीत, अपरिचित लिपीतील शिलालेखाप्रमाणे पान सोडवावे लागते. हे काम एकेका पानासाठी करणारे थोडे आहेत. २७ ऑगस्ट २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्ताही देवनागरीत, अखेरीस 'भारत' लावून नोंदविता येतो. हौशी मराठी संकेतस्थळे मात्र अद्याप बहुधा रोमन पत्त्यावरच आढळतात.