आकाशातले मास्तर

विमानविद्येचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपण राईट बंधूंपासून निघतो आणि थेट जे. आर. डी. टाटांपाशी येऊन थांबतो. वाटेत उभ्या असलेल्या एका माणसाची आठवण कोणी काढीत नाही. तो म्हणजे विमान शिकविणारा मास्तर.

पहिल्या महायुद्धात या मास्तरकीला काडीची प्रतिष्ठा नव्हती. आघाडीवर थकलेल्या वैमानिकांना विसाव्यासाठी शाळेत धाडीत आणि त्यांना शिष्य म्हणजे संकट वाटे. जेमतेम काही तास उडालेली पोरे फ्रान्समध्ये लढावयास जात. त्यांतली कितीतरी परत येत नसत. १९१६ साली अशी कच्ची मुले रॉबर्ट स्मिथ-बॅरी या मेजराच्या तुकडीत येऊ लागली. ते त्याला पाहवेना. त्याने वरिष्ठांमागे तगादा लावला, तेव्हा इंग्लंडातल्या गॉस्पोर्टची शाळा त्याच्याच हवाली झाली.

१९१७ मध्ये त्याने तिथे शिकविण्याची रीतच पालटली. शिष्याला धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी मास्तराने त्याला मुद्दाम धोक्यात न्यावयाचे, आणि गिरक्या खात कोसळणारे विमान त्याच्याच हातून सावरून घ्यावयाचे! इंजिनाच्या घरघरीत शब्द ऐकू जावा म्हणून दोघांच्या बैठकांमध्ये बोलण्याची नळी आली. शिकविणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे तिथे प्रथम मान्य झाले.

ही विद्या पुढे आपल्याकडेही आली. १९२८ साली जुहूला मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला. तिथेच शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी टाटांनी या देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाला तरुण हवे झाले, तेव्हा अशाच क्लबांनी ते पुरविले.

आता बारामती, धुळे, गोंदिया येथेही उड्डाण शिकता येते. व्यावसायिक परवान्याला २०० तास पुरतात. विमानकंपनीत कॅप्टन व्हावयाचे तर वरचा परवाना लागतो आणि त्याला १५०० तास. मग नोकरी न लागलेला तरुण काय करतो? तो सहायक प्रशिक्षक होतो. शिष्याबरोबरचा प्रत्येक तास त्याच्या वहीत मुख्य वैमानिकाचा म्हणून चढतो. पगार मिळतो, तास वाढतात आणि बोलावणे येताच तो निघून जातो. त्याचा शिष्य मात्र नव्या मास्तराची वाट पाहत मागे राहतो.

मी शाळामास्तर आहे. चांगली नोकरी लागेपर्यंत शाळेत टेकलेले तरुण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. पण शिष्याचा हात चुकेपर्यंत थांबावयाचे, आणि चूक जिवावर बेतण्याआधी दांडा आपल्या हाती घ्यावयाचा, हे ज्याने शेकडो तास केले, तो वैमानिक म्हणूनही पक्का होतो. ती वर्षे वाया गेली असे घरच्यांनी समजू नये.

आमच्या सोलापुरातून, होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुटू लागले. पुढे बसलेल्या त्या वैमानिकाच्या आयुष्यातही एक सकाळ येऊन गेलेली असते. मास्तर विमानातून खाली उतरतो, दार लावून घेतो आणि म्हणतो, ‘आता एकटा जा.’ विमान फेरी मारून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत खालच्या त्या माणसाची नजर आभाळावरून हलत नाही.