अदृश्य चौकटीची कुळकथा

मीपसारख्या विद्युतचुंबकीय अनुकरणाच्या प्रणालीत काचेच्या थरातून किती प्रकाश पार गेला हे पाहायचं, तर थराच्या मागे एक काल्पनिक चौकट उभी करतात. वापरणारे तिला फ्लक्स प्लेन किंवा मॉनिटर म्हणतात. ती प्रकाशाला अडवत नाही, फक्त ओलांडून जाणारी ऊर्जा मोजते.

तिचं मूळ १८८४ सालचं. केंब्रिजला मॅक्सवेलच्या प्रयोगशाळेत काम केलेले जॉन हेन्री पॉइंटिंग तेव्हा बर्मिंगहॅमला प्राध्यापक होते. त्यांनी दाखवलं, की विद्युतक्षेत्र आणि चुंबकक्षेत्र यांचा सदिश गुणाकार केला की ऊर्जा कुठल्या दिशेने, किती वाहते ते कळतं. यातून निघालेला निष्कर्ष आजही चकित करतो: वीज वाहताना तार ज्या ऊर्जेने तापते, ती तारेच्या आतून धावत येत नाही, भोवतालच्या अवकाशातून बाजूने तारेत शिरते. ऑलिव्हर हेविसाइड याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते.

१९६६ साली केन यी यांनी मॅक्सवेलची समीकरणं जाळीवर मांडली. मीपसारख्या प्रणाली वापरतात त्या या जाळीत दोन्ही क्षेत्रं अर्ध्या घराने सरकलेली असतात, काळातही अर्ध्या पावलाने मागेपुढे. रचना सुंदर, पण पॉइंटिंगच्या गुणाकाराला दोन्ही क्षेत्रं एकाच बिंदूवर हवीत. म्हणून शेजारच्या किमतींची सरासरी काढावी लागते.

खरी मेख पुढे आहे. एकच छोटा स्पंद सोडला की त्यात अनेक वारंवारता एकदम येतात. मग क्षणाक्षणाची ऊर्जा मोजून तिचं फुरिये रूपांतर करावं असं वाटतं, पण ते चूक. गुणाकारात वारंवारता एकमेकींत मिसळून जातात. आधी चौकटीवर प्रत्येक क्षेत्राचं रूपांतर साठवत जायचं आणि गुणाकार सर्वांत शेवटी करायचा. एवढा क्रम बदलला, की अनुकरणाच्या एकाच धावेत सगळा वर्णपट हाती येतो. मला ही या कुळातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

परावर्तनालाही हाच न्याय. थराच्या अलीकडे येणारी आणि परतणारी लाट एकत्रच असते. म्हणून आधी थराशिवाय एक धाव घ्यायची, अलीकडच्या चौकटीवरची क्षेत्रं जपून ठेवायची आणि थर ठेवून घेतलेल्या दुसऱ्या धावेतून ती वजा करायची. वजाबाकी क्षेत्रांची, ऊर्जेची नव्हे. नाहीतर दोन लाटांच्या परस्परगुणाकाराची पदं हिशेबात घुसू शकतात.