कहाणीची परीकथा होताना : किंकेड यांच्या एका पुनर्कथनाचा विचार

एखादे पुनर्कथन फसले असे आपण म्हणतो, तेव्हा सामान्यतः दोन दोष आपल्या मनात असतात. एक तर मूळ कथानकाची मोडतोड झालेली असते, किंवा पुनर्कथनकाराला मूळ संस्कृतीविषयी आस्था नसते. चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकावर यांपैकी कोणताही आरोप सहजासहजी ठेवता येत नाही, आणि तरीही कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाची ते निराशा करते. ही निराशा नेमकी कशाची आहे, हे पाहणे पुनर्कथनाच्या समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक ठरावे.

किंकेड हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. द. ब. पारसनीसांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास १९१८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याआधीच श्रावणातल्या वारांच्या आणि इतर व्रतांच्या कहाण्या त्यांनी इंग्रजीत आणल्या. रविवार ते शनिवार हा वारांचा क्रम त्यांनी राखला. पुस्तकाला चित्रे काढली ती म. वि. धुरंधरांनी. हा सारा व्यवहार आस्थेचा आहे, यात शंका नाही.

परंतु पहिल्याच वाक्याशी अडखळायला होते. किंकेड यांच्या कहाणीतले गाव ‘आटपाट’ नावाचे आहे. कहाणीत ‘आटपाट’ हे नगराचे नाव नसते. विस्तीर्ण, भरल्या नगराचा भाव जागवणारे ते एक ठरीव संबोधन आहे, आणि ते उच्चारताच कथेचा मांड पडतो. वडगाव निंबाळकरमध्ये ऐकणारीला ते नीरेच्या काठी दिसेल, राजापुरात ऐकणारीला खाडीच्या काठी. ते कुठेच नसते म्हणून प्रत्येकीचे असते. त्याचे विशेषनाम झाले की ते नकाशावरचे, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी, गाव होते. ही केवळ भाषिक चूक म्हणून सोडून देता आली असती. परंतु जे ‘आटपाट’चे झाले तेच पुढे संपूर्ण कहाणीचे झाले आहे.

पुस्तकाचे नावच पाहावे. ‘नर्सरी’ म्हणजे इंग्रजी घरातील लहान मुलांची खोली. आणि उपशीर्षकात याच कथांना दक्षिणेकडच्या ‘परीकथा’ म्हटले आहे. पण कहाणीची श्रोती कोण होती? मंगळागौर पुजली जाते ती लग्नानंतरची पहिली पाच वर्षे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली होती आणि मुलीच्या विवाहासाठी चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ चा आहे. म्हणजे किंकेड लिहीत होते त्या काळात कहाणी ऐकायला बसणारी नवी सून पुष्कळदा बारा-पंधरा वर्षांची असे. आजच्या भाषेत ती कुमारवयीन श्रोती होती. मात्र तिच्यासाठी वेगळे सोपे वाङ्मय नव्हते. सासू, जाऊ, विधवा आत्या ज्या कथा ऐकत, त्याच ती त्यांच्या शेजारी बसून ऐके. किंकेड यांनी ही जागा काढून घेतली आणि कथा पाळण्याजवळ नेऊन ठेवली.

याने काय बिघडते, हे दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत स्पष्ट दिसते. राजाची सून घरातला पदार्थ चोरून खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. तिच्या चारित्र्यावर किटाळ येते, तिला घालवून दिले जाते. पुढे अवसेच्या रात्री झाडावर जमलेले गावचे दिवे आपापल्या घरची हकीकत सांगतात. राजवाड्यातला दिवा खरे काय ते बोलतो. राजा ते ऐकतो आणि सुनेला मानाने परत आणतो.

ही सून निष्पाप नाही. तिने चोरी केली आहे, खोटे बोलली आहे. पण शिक्षा भोगते ती न केलेल्या अपराधाची. तिला सोडवायला राजपुत्र येत नाही. पेरोच्या सिंड्रेलाची (१६९७) ओळख पटते ती काचेच्या बुटावरून. हिची साक्ष देतात ते तिनेच रोज घासलेले, तिनेच वात घातलेले दिवे. आणि ही कहाणी ऐकणाऱ्या मुलीने आषाढी अमावास्येला तसेच दिवे घासून पाटावर मांडलेले असतात. सासरची भूक, संशय आणि कोणी पाहत नसलेले काम या तिन्ही गोष्टी तिच्या अनुभवातल्या असतात. पाळणाघरातल्या मुलासाठी मात्र ते दिवे केवळ बोलणाऱ्या जादूच्या वस्तू होतात.

येथे रूपवादी पद्धतीची मर्यादाही ध्यानात येते. व्लादिमिर प्रॉप यांच्या १९२८ च्या मांडणीनुसार दोन्ही कथा तपासल्या, तर निषेध, भंग, हद्दपारी, प्रकटीकरण ही कार्ये दोहोंत सारखीच निघतील. जे हरवले ते कार्यांच्या साखळीत नव्हतेच. ते होते श्रोतीच्या जागेत, आणि ‘घेतला वसा’ तिच्यावर जे बंधन घालतो त्यात.

हा दोष मुद्रणाचा आहे, असे म्हणून भागणार नाही. मराठीत कहाणीसंग्रह छापले गेले, पण त्या पुस्तिका पूजेपुढे मोठ्याने वाचल्या गेल्या. तो केवळ परभाषेचाही नाही. मेरी फ्रिअर यांच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ (१८६८) या संग्रहात कथांच्या आधी त्या सांगणाऱ्या ॲना लिबराता डी सूझा या आयेची जीवनकहाणी तिच्या बोलण्याच्या धर्तीवर दिली आहे. त्या निवेदनालाही संपादकीय हात लागला आहेच; तरी कथा कोणाच्या तोंडची आहे, हे वाचकाला विसरता येत नाही. किंकेड यांच्या पुस्तकात अशी सोय नाही.

कुमारांसाठी लोककथा नव्याने सांगणाऱ्या आजच्या लेखकांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. दिव्यांच्या कहाणीतील सुनेची चोरी गाळून तिला निर्दोष करता येईल. किंवा तिच्या तोंडी भाषण घालून तिला बंडखोर करता येईल. दोन्ही मार्गांनी नायिका बदलेल, पण ऐकणारीला मोठे मानायचे की नाही, हा प्रश्न तसाच राहील. मूळ कहाणीने बारा वर्षांच्या मुलीपुढे चोरी, किटाळ आणि अर्धामुर्धा न्याय न कचरता मांडला होता. त्या मुलीला बालपण मिळाले नव्हते, ही त्या विश्वासामागची कठोर सामाजिक वस्तुस्थिती आहे, आणि म्हणून त्या जुन्या बैठकीचा गौरव करण्याचे कारण नाही. पण आज बालपण मिळालेल्या वाचकाकडून तो विश्वासही काढून घ्यावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही.