पेला कुणाचा, स्वातंत्र्य कुणाचं?

अल नहदात राहत असाल तर रोज पाहताच: दुबईच्या बाजूला परवानाधारक दुकानात दारू मिळते, पलीकडे शारजात बंदी. पण मर्यादा फक्त कायदाच ठरवतो का?

बायबलमध्ये येशू काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करतो. पौल मात्र झिंगायला मनाई करतो. म्हणजे बाकी ज्याचं त्यानं बघायचं?

१८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूविरोधी संघटनेबद्दल त्यांनी १८८९ च्या प्रवासवृत्तात कौतुकानं लिहिलं. या बायकांचा प्रश्न पापापुरता नव्हता: नवरा पगार गुत्त्यात उडवतो, तेव्हा बायकोच्या स्वातंत्र्याचं काय? म्हणून त्यांनी मताधिकारही मागितला.

‘माझं मी बघेन’ म्हणण्याआधी घरातल्यांना विचारलंत?