संघाची शिस्त आणि अंगचोर गडी

हुतुतूच्या डावांत सात गडी उतरतात, आणि त्यांतील एकानें जरी अंग चोरलें तरी कडेला बसलेल्या म्हाताऱ्यासही तें तत्काळ कळतें. खो-खोची रचना याहून कडक. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें या देशी खेळास नियमांत बसविलें. पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकीं एकजण उशिरा उठला कीं पळणारा निसटलाच! फुटबॉलची गोष्ट निराळी. मैदान शंभर यार्डांच्या आसपास लांब, एका बाजूस अकरा खेळाडू आणि खेळ नव्वद मिनिटांचा. चेंडू दूर असतांना एखादा गडी दहा मिनिटें नुसता चालत राहिला तरी पाहणारांचे डोळे चेंडूबरोबर गेलेले असतात. म्हणून उत्तम परंपरेच्या संघांत घातला असतां कामचुकार खेळाडू सुधारतो काय, हा प्रश्न फुटबॉलच्या बाबतींत विशेष अवघड होऊन बसतो.

लोकांची समजूत अशी कीं, ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला म्हणजे वाण नाहीं तरी गुण लागतोच. परंतु ही म्हण दोहों बाजूंनीं चालते. पवळ्याचा गुण ढवळ्यास लागावयासही दाव्याची हरकत नसते. माक्सिमिलियां रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरानें माणसांस दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितका जोर लावतो तो शंभर धरला, तर आठजण मिळून ओढूं लागल्यावर प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें एकूणपन्नास एवढाच भरला! सर्वांची ओढ एका वेळीं जुळत नाहीं, हें त्याचें एक कारण. पण तेवढेंच नव्हे. १९७४ मध्यें अमेरिकेंत हा प्रयोग पुन्हां झाला. ओढणाराचे डोळे बांधले होते आणि मागचे गडी ओढण्याचें नुसतें सोंग करीत होते. तरीही, आपल्याबरोबर दुसरे आहेत एवढ्या समजुतीनेंच त्याचा जोर घटला. पुढें १९८१ मध्यें अशाच प्रकारच्या प्रयोगांत असें आढळलें कीं, प्रत्येकाचा वांटा निराळा मोजला जात आहे हें कळल्यावर ही घट नाहींशी होते. दुसऱ्याच्या घामाआड लपावयास जागा मिळाली म्हणजे बहुतेक माणसें लपतात. जागा बुजली म्हणजे तींच माणसें कामास लागतात.

आमच्या तालमींनीं ही गोष्ट कोणत्याही मोजमापाशिवाय ओळखली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. मार्च २०२५ मध्यें अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत येथें महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हां लोकांनीं पाहिला तो आखाड्यांतील घटकाभराचा खेळ. त्यामागची तालीम पहांटेच्या अंधारांत चालते. नवा पोरगा प्रथम माती उकरावयास लागतो. त्याचे जोर किती झाले, बैठका किती झाल्या, यावर वस्तादाची नजर असते, आणि जोडीदार ढिला पडला तर त्याच्याशीं लढणाराच्या अंगास तें आधीं कळतें. तेथें प्रत्येकाची मेहनत निराळी मोजली जाते. तिला माया असते, आणि मायेबरोबर धाकही असतो. वस्तादानें पाठीवर थाप दिली तर पोर दोन दिवस हवेंत असतें. तोच वस्ताद बोलेनासा झाला तर त्यास जेवण गोड लागत नाहीं.

ही तालमीची रीति फुटबॉलच्या मैदानावर उतरली ती कोल्हापुरांत. राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें ज्या नगरींत कुस्ती वाढली, तेथें फुटबॉलचे नामांकित संघही आपणांस तालीम मंडळ म्हणवितात. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार हीं नांवें शाहू स्टेडियमवर जाणाऱ्या कोणासही पाठ असतात. खेळणारा तेथें पेठेचा असतो. तो शनिवारीं मैदानावर रेंगाळला तर रविवारीं चहाच्या दुकानांत त्याचा हिशेब मागणारे शेजारीच भेटतात. अर्थात् पेठेचा अभिमान जसा पळावयास लावतो, तसा हमरीतुमरीवरही आणतो. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीनें कोल्हापूरच्या मैदानास वेळोवेळीं बट्टा लागलेला आहे, हें लपवून चालणार नाहीं.

पेठेच्या डोळ्याचें काम एकट्या शिक्षकाच्या डोळ्यानें केल्याचें उदाहरण पाहावयाचें तर हैदराबादकडे वळावें लागतें. सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर. त्यांच्या देखरेखीखालीं हैदराबाद सिटी पोलिस संघानें मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें जिंकला. रहीमांनीं केवळ कमजोर पायानें खेळावयाचे सामने भरविले, चेंडू घोळवीत नेण्यास बंदी असलेलेही सामने भरविले. युक्ति साधी, पण मार्मिक. चेंडू अंगाशीं ठेवून वेळ काढतां येईना, तेव्हां जागा घेण्यासाठीं सर्वांनाच पळणें भाग पडलें. जो पळला नाहीं तो उघडा पडला.

मात्र प्रत्येक मंद पाय आळसाचाच नसतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें भारताचा यूगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा पराभव झाला. आपले पुष्कळ खेळाडू त्या दिवशीं अनवाणी होते. त्यांस कामचुकार म्हणणें अन्यायाचें झालें असतें. पुढें बूट सक्तीचे झाले, आणि रहीमांच्याच हाताखालीं १९५६ सालीं मेलबर्न येथें भारत चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानें तेथें ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले. कर्जतसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत कवायतीस मागें राहणाऱ्या मुलाची शिस्त तपासण्यापूर्वीं त्याच्या पायांतील वहाण आणि पोटांतील भाकरी तपासावी, हें शाळेंतील शिक्षकास निराळें सांगावयास नको.

१९६२ च्या जकार्ता एशियाई सामन्यांत रहीमांच्या संघाची खरी कसोटी लागली. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास दोन गोलांनीं हरविलें. पुढें बचावपटु जर्नेलसिंग याच्या डोक्यास टांके पडले. रहीमांनीं त्यास घरीं न बसवितां आघाडीवर घातलें, आणि त्यानें उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. ४ सप्टेंबर रोजीं, सुमारें एक लक्ष विरोधी प्रेक्षकांसमोर, त्याच दक्षिण कोरियास भारतानें दोन विरुद्ध एक असें हरविलें. रहीम स्वतः त्या वेळीं कर्करोगानें पोखरलेले होते. गुरूची ती अवस्था डोळ्यांसमोर असतां रेंगाळण्याची हिंमत कोणास होणार!

जून १९६३ मध्यें रहीम वारले. १९७० सालीं बँकॉक येथें भारतास फुटबॉलचें कांस्यपदक मिळालें. एशियाई सुवर्णपदक जकार्तानंतर मिळालेलें नाहीं.