विश्वाची पाठचिकित्सा

साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘प्रक्षिप्त’ हा शब्द परिचित आहे. ग्रंथ हस्तलिखितांतून प्रवास करतो आणि वाटेत लेखनिक त्यात आपले काही मिसळतात. म्हणून मूळाकडे जायचे तर अनेक प्रती एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्यानंतरचे संपादक यांनी महाभारतासाठी हेच केले. ती चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. पुढे त्याच पुण्यात विश्वाच्या एका प्राचीन संहितेचीही पाठचिकित्सा झाली.

ही संहिता म्हणजे वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी. विश्व अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना सुटलेला तो प्रकाश आज २.७ केल्विन इतका थंड होऊन सर्व दिशांनी येतो. पेन्झियास आणि विल्सन यांचा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तापमानाचे चढउतार लाखात एक भाग इतकेच. पण दीर्घिकांचे बीज त्यांतच आहे. अडचण अशी, की गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या जलाशयावर अंधाऱ्या रात्री जी आकाशगंगा आपल्याला मोहवते, तीच येथे मध्ये उभी राहते. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे तिच्यातील इलेक्ट्रॉन कमी वारंवारितेला अधिक उजळतात, तर तिची धूळ अधिक वारंवारितेला.

पार्श्वभूमीचे तापमान मात्र प्रत्येक वारंवारितेला सारखेच भरते. या एका भेदाचा आधार घेऊन २००६ साली राजीब साहा, पंकज जैन आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील तरुण सौरदीप यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या पाच वारंवारितांचे नकाशे असे भार देऊन एकत्र केले, की सर्वांत समान ते टिकावे आणि बदलते ते शक्य तितके गळावे. धुळीचा पूर्वकल्पित नमुना त्यांनी वापरला नाही. प्रतींनाच साक्ष द्यायला लावली.

एकाच प्रतीवर विसंबल्यास काय होते, हे २०१४ साली दिसले. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने आदिम गुरुत्वीय तरंगांची खूण सापडल्याचे मार्चमध्ये जाहीर केले. त्यांची मुख्य भिस्त १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर होती. प्लँक उपग्रहाची ३५३ गिगाहर्ट्झची निरीक्षणे शेजारी ठेवताच २०१५ साली तो दावा टिकला नाही. त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता.

सुकथनकरांनी व्यासांची मूळ प्रत हाती आल्याचा दावा कधी केला नाही. येथेही योगायोगाने आकाशगंगेशी जुळणारा मूळाचा काही अंश गळून जातो आणि त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो हिशेब मांडणे हाही पाठचिकित्सेचाच भाग आहे.