आपली बातमी कोण लिहिणार?



मुलगी बी.ए. किंवा बी.कॉम. झाली की घरात प्रश्न निघतो, आता पुढे काय? कुणी बी.एड. सुचवतं, कुणी तलाठ्याची परीक्षा, तर कुणी सरळ स्थळच सुचवतं. पण एखादी म्हणाली की मला पत्रकारिता शिकायची आहे, तर सगळे एकमेकांकडे बघतात. हे कसलं शिक्षण, आणि त्यावर पोट भरेल का? आज आपण या शिक्षणाचा इतिहास बघू. त्यातला बराचसा आपल्या खानदेशातलाच आहे.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत सुरू केलं. म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. पुढे छापखाने जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले. तेव्हा जळगाव आणि धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळ्याहून 'खानदेश वैभव' निघायचं. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितांचं मासिक काढत होते.

त्या काळी पत्रकारितेची शाळा नव्हती. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता माणूस शिकायचा. बायकांना तर त्या छापखान्याचं दारही बंदच होतं. तरी सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधु' पत्राचं संपादन तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर सांभाळलं. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे.

आता धुळ्याच्या तुरुंगात जाऊ. १९३२ साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे सलग अठरा रविवार ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. कैद्यांमध्ये साने गुरुजीही होते. अमळनेरच्या शाळेत शिकवताना त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक चालवलं होतं, त्यामुळे हाताला लिहिण्याची सवय होती. टेप नाही, मोबाइल नाही. विनोबा बोलत गेले आणि गुरुजी लिहीत गेले. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. गुरुजींनी लिहून घेतलं नसतं, तर ते बोलणं तुरुंगाच्या भिंतीतच राहिलं असतं.

दुसरी गोष्ट आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग जमेल तसं वहीत उतरवून घ्यायचे. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे 'नवयुग'चे संपादक, त्यांनी तिचं मोल तत्काळ ओळखलं. १९५२ मध्ये गाणी छापून आली आणि बहिणाबाई महाराष्ट्राच्या झाल्या. पण वहीत न उतरलेली गाणी किती हरवली असतील?

पत्रकाराचं मूळ काम हेच आहे : नीट ऐकायचं, खरं तेवढंच लिहायचं आणि ते लोकांपर्यंत पोचवायचं. बोलणाऱ्या बायका आपल्याकडे कायमच होत्या. लिहून घेणारे हात मात्र बहुतेक पुरुषांचे होते.

हे काम विद्यापीठात शिकवायला फार उशिरा सुरुवात झाली. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पत्रकारितेचा विभाग निघाला. पुण्यात १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हे शिक्षण सुरू झालं. आपल्या मुलींना पुणं लांब होतं. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते घराजवळ आलं. तिथे पत्रकारितेचा विभाग आहे. २०१८ मध्ये या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जिला अक्षर येत नव्हतं, तिच्या नावाच्या विद्यापीठात आज मुली बातमी लिहायला शिकतात.

एम.ए.ला दोन वर्षं लागतात. पदवी कोणत्याही शाखेची चालते. बातमी कशी मिळवायची, कशी तपासायची, मथळा कसा द्यायचा, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण कसं करायचं, जाहिरात कशी लिहायची, हे सगळं असतं. कायदाही असतो. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापणं गुन्हा आहे, हे बातमीदाराला माहीत असलंच पाहिजे.

पुढे कामं अनेक आहेत. वार्ताहर, उपसंपादक, छायाचित्रकार, आकाशवाणीवर निवेदिका, जाहिरात संस्थेत लेखिका, कारखान्याच्या किंवा दवाखान्याच्या जनसंपर्क विभागात नोकरी. शासनाच्या जिल्हा माहिती कार्यालयातही पदं असतात. त्यासाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावोगावच्या बातमीदारांना पगार नसतो, थोडं मानधन असतं आणि कित्येकांना जाहिरातीही गोळा कराव्या लागतात. रात्रपाळी असते. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याचा राग ओढवतो. म्हणून मुलीला पाठवताना हे सगळं समजून पाठवा, आणि एखादी जोडविद्याही हाताशी असू द्या : भाषांतर, संगणकावर पानं लावणं, व्हिडिओ जोडणं.

पण हा रस्ता आपला नाही, असं समजू नका. उत्तर प्रदेशात २००२ मध्ये गावातल्या बायकांनी 'खबर लहरिया' हे पत्र सुरू केलं. हातपंप, रेशन, रस्ता, बायकांवरचे अत्याचार, याच त्यांच्या बातम्या. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओ लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. आज आपण बोलतोय, ते त्याच हक्कावर.

कापसाचा भाव पडला, केळी वादळात झोपली, की बातमी येते. पण निंदणीची मजुरी किती मिळाली, अंगणवाडीत पोषण आहार कधी आला नाही, बाळंतिणीला गाडी किती वाजता मिळाली, हे आपण सांगितल्याशिवाय छापून येत नाही.

प्रत्येक गटात इतिवृत्ताची वही असते. कोण काय बोललं आणि काय ठरलं, हे एक जणी लिहिते. बातमीदारीचा पहिला धडा तोच. ती वही या महिन्यात गटातल्या शिकणाऱ्या मुलीच्या हातात द्या. तिने लिहिलेलं पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचायला लावा, आणि चुकलं असेल तिथे सगळ्यांनी मिळून सांगा. तिला ते काम आवडलं, तर विद्यापीठाच्या प्रवेशाची चौकशी करायला तिच्यासोबत गटातल्या दोघी-तिघी जा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.